रिसेप्टरवरचा थिसिस सोलापुरात बसून नीट कसा करायचा: सर्जरीच्या ज्युनिअर रेसिडेंटसाठी

दरवर्षी नवी बॅच आली की तोच प्रश्न येतो, सर ब्रेस्टमध्ये इआर पीआर हर-टूवर थिसिस घेऊ का, सोपा आहे ना. (ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशीत बाहेरचा निरोप पकडणारी जी प्रोटीन्स असतात ते रिसेप्टर: इआर इस्ट्रोजेनचा, पीआर प्रोजेस्टेरॉनचा, आणि हर-टू पेशीला वाढायला सांगणारा.) सोपा नाहीये. पण घ्या, जरूर घ्या, कारण सर्जरी आणि पेशीच्या आतलं सिग्नलिंग या दोन्ही गोष्टी एकाच पेशंटमध्ये बघायला मिळतील असा विषय जिल्ह्याच्या ठिकाणी इतक्या सहज हाताला लागत नाही. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. हा थिसिस मायक्रोस्कोपखाली क्वचित बिघडतो, तो बिघडतो ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, गाठ अंगातून बाहेर आल्यावरच्या पहिल्या तासात. आणि तो तास सर्जनच्या हातात असतो, पॅथॉलॉजिस्टच्या नाही.

आधी थोडं बेसिक, कारण रिसेप्टर काय करतो हेच कळलं नसेल तर रिपोर्ट वाचणं म्हणजे नुसतं प्लस मायनस मोजणं होतं. हा विषय मुळात सर्जन लोकांचाच आहे बघा. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जननं ओव्हरी काढल्यावर पुढं गेलेला ब्रेस्ट कॅन्सर आटतो हे लँसेटमध्ये छापलं, तेव्हा इस्ट्रोजेन हे नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर हार्मोनचा इलाज दाखवणारे चार्ल्स हगिन्स हेही सर्जन, त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं, आणि त्यांच्याच शिकागोच्या संस्थेत एल्वुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी किरणोत्सारी इस्ट्रोजेन उंदरांना देऊन दाखवलं की गर्भाशयासारखे ठराविक अवयवच ते धरून ठेवतात, म्हणजे तिथं त्याला पकडणारं काहीतरी आहे. तोच इस्ट्रोजेन रिसेप्टर. हा पेशीच्या केंद्रकात असतो, इस्ट्रोजेन आत शिरून त्याला चिकटलं की त्याची जोडी बनते, ती डीएनएला जाऊन लागते आणि काही जीन्स चालू होतात, त्यातलाच एक पीआरचा जीन. म्हणून पीआर पॉझिटिव्ह असणं म्हणजे इआर नुसता बसलेला नाही, काम करतोय याची ती खूण.

हर-टूचं प्रकरण वेगळं. तो पेशीच्या पडद्यावर असतो, त्याला स्वतःचा असा कुठला लिगँड, म्हणजे येऊन चिकटणारा रेणू, सापडलेला नाही, तो आपल्या भावंडांशी, खास करून हर-थ्रीशी जोडी करतो, मग आतल्या बाजूचा टायरोसिन कायनेज, म्हणजे प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवणारा एन्झाइम, चालू होतो आणि निरोप पीआय-थ्री-के–एकेटी आणि रास–मॅपके या दोन वाटांनी केंद्रकापर्यंत जातो: वाढ, मरू नको. साध्या पेशीवर हे रिसेप्टर २०,००० च्या आसपास असतात, जीनच्या कॉपी वाढलेल्या कॅन्सरच्या पेशीवर २० लाखांपर्यंत जातात. हे एवढं लक्षात ठेवलं की स्लाइडवर काय बघायचं ते पाठ करावं लागत नाही. रिसेप्टर असेल तिथं स्लाइडवर तपकिरी रंग चढवतात: इआर पीआरचा तो केंद्रकात पाहिजे, हर-टूचा पडद्यावर पाहिजे, सायटोप्लाझम नुसतं तपकिरी दिसत असेल तर ते मोजायचं नाही.

आता प्रश्न निवडणं. 'ब्रेस्ट कॅन्सरमध्ये इआर पीआर हर-टूचा अभ्यास' हा प्रश्न नाही, ते फक्त शीर्षक आहे, आणि दुर्दैवानं बहुतेक थिसिस तिथंच संपतात. प्रश्न असा पाहिजे की त्याचं उत्तर हो किंवा नाही किंवा एखाद्या आकड्यात देता येईल. उदाहरणार्थ, एकाच पेशंटच्या ट्रू-कट बायोप्सीतले (म्हणजे जाड सुईनं काढलेल्या तुकड्यातले) रिसेप्टर आणि मास्टेक्टॉमीच्या (ब्रेस्ट काढायच्या ऑपरेशनच्या) स्पेसिमेनमधले रिसेप्टर किती वेळा जुळतात? किमो आधी देऊन मग ऑपरेशन केलेल्या बायकांमध्ये रिसेप्टर बदलतात का? गाठ बाहेर काढल्यापासून फॉर्मलीनमध्ये, म्हणजे तुकडा सडू नये म्हणून ठेवतात त्या द्रवात, जाईपर्यंतचा वेळ वाढला की रंग फिका पडतो का? माझं मत विचाराल तर पहिला प्रश्न रेसिडेंटसाठी सगळ्यात चांगला, कारण प्रत्येक पेशंट स्वतःशीच ताडून बघायचा असतो, वय, गाव, स्टेज यांचा गोंधळ आपोआप कमी होतो, आणि तीन वर्षांच्या आत पूर्ण होतो. सर्व्हायव्हलच्या मागं लागू नका. इआर पॉझिटिव्ह आजार पाच-दहा वर्षांनीसुद्धा परत येतो, तुमची रेसिडेन्सी तेवढी नसते.

आणि प्रश्न छोटा म्हणून लाजायचं कारण नाही. टाटा मेमोरियलच्या राजेंद्र बडवे सरांच्या टीमनं एवढंच विचारलं की गाठ काढायच्या ७ ते १० मिनिटं आधी तिच्या भोवती ०.५ टक्के लिग्नोकेन (जागेपुरती भूल देणारं औषध) टोचलं तर फरक पडतो का. देशातल्या ११ सेंटरवर १,६०० बायका त्यात घेतल्या, पेपर २०२३ मध्ये आला, पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. त्यामागचा विचारही पेशीच्या सिग्नलिंगचाच होता, कॅन्सरच्या पेशींवरचे सोडियम चॅनेल ऑपरेशनच्या त्या काही मिनिटांत बंद ठेवायचे. औषध कुठल्याही मायनर ओटीच्या ट्रॉलीवर पडलेलं असतं तेच.

इंट्रोडक्शन लिहिताना अमेरिकेचे आकडे चिकटवायच्या आधी बार्शीकडं बघा. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री (एका भागातल्या सगळ्या कॅन्सर पेशंटची नोंद) १९८७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये सुरू झाली, बार्शी, परांडा, भूम हे तालुके त्यात येतात. तुमचे पेशंट ज्या गावांतनं येतात तिथलाच हा डेटा आहे आणि आपलीच पोरं तो उघडून बघत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

सॅम्पल साइज. जुन्या थिसिसमधला आकडा उचलून टाकू नका, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पहिला प्रश्न तिथंच येतो. प्रमाण काढायचं असेल तर ४पीक्यू भागिले डीचा वर्ग हा साधा फॉर्म्युला चालतो (पी म्हणजे टक्केवारी, क्यू म्हणजे १०० वजा पी, डी म्हणजे चालणारी चूक): आधीच्या अभ्यासात इआर पॉझिटिव्ह ६० टक्के असतील तर पी ६०, क्यू ४०, आणि १० टक्के इकडंतिकडं चालणार असेल तर डी १०, म्हणजे ४ गुणिले ६० गुणिले ४० भागिले १००, उत्तर ९६. मग मागच्या दोन वर्षांचं ओटी रजिस्टर काढा आणि तुमच्या हॉस्पिटलला वर्षाला ब्रेस्टच्या किती केसेस होतात ते स्वतः मोजा, सरांना विचारून अंदाज घेऊ नका. निम्म्याच होत असतील तर प्रश्न बदला किंवा दुसऱ्या युनिटला सोबत घ्या, पण डी वाढवून २० करू नका. दोन रिपोर्ट जुळतात का असा प्रश्न असेल तर फॉर्म्युला वेगळा लागतो, त्यासाठी सिनॉप्सिसच्या (थिसिसच्या आराखड्याच्या) आधी पीएसएम, म्हणजे कम्युनिटी मेडिसिन विभागातल्या स्टॅटिस्टिक्सवाल्यांकडं जा. डेटा गोळा झाल्यावर गेलात तर ते तरी काय करणार.

परवानग्यांचं पटकन सांगतो. एमयूएचएसला, म्हणजे आरोग्य विद्यापीठाला, सिनॉप्सिस, त्याच्या आधी एथिक्स कमिटी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइनप्रमाणे कमिटीत ७ ते १५ लोक असतात, अध्यक्ष बाहेरच्या संस्थेतला असतो आणि डॉक्टर नसलेला एक सामान्य माणूसही असतो, तेव्हा तुमची समरी त्या माणसाला कळेल अशी लिहा. रिसर्च मेथडॉलॉजीचा ऑनलाइन कोर्स पहिल्याच वर्षी उरकून टाका, नंतर इमर्जन्सीच्या पाळ्यांमध्ये ते होत नाही. तुम्ही पेशंटला काही देणार किंवा ट्रीटमेंटच्या फांद्या पाडणार असाल तर ती ट्रायल झाली, आणि पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआय या ट्रायल नोंदवायच्या सरकारी वेबसाइटवर नोंद पाहिजे, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी घेत नाहीत. पैशाचंही आधीच ठरवा. इआर पीआर हर-टू ही ट्रीटमेंटचीच तपासणी आहे, पण तुम्ही हौसेनं ईजीएफआर (हर-टूचाच भाऊ) किंवा आणखी एखादा मार्कर घेणार असाल तर तो खर्च पेशंटच्या माथी मारता येत नाही. पीजी थिसिसला आर्थिक मदत देणारी आयसीएमआरची स्कीम आहे, अर्ज करा.

कन्सेंटवर, म्हणजे पेशंटच्या संमतीवर, जरा थांबतो, कारण सोलापुरात हा भाग पुण्यामुंबईपेक्षा अवघड आहे. तुमच्या वॉर्डात एका कॉटवर अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी आजी, शेजारी पूर्व भागातली विडी वळणारी तेलुगू बोलणारी बाई, पलीकडं मोहोळची मराठी, आणि चौथी इंडीहून आलेली. छापील मराठी फॉर्मवर चौघींचे अंगठे घेतले म्हणजे कन्सेंट झाला नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू असे फॉर्म करा, दुसऱ्या माणसाकडनं उलट मराठीत करून घ्या आणि दोन्ही जुळतात का बघा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवताना एक साक्षीदार पाहिजे जो तुमच्या टीमचा नाही, म्हणजे तुमचा को-रेसिडेंट चालत नाही. वॉर्डातल्या मावशींना बऱ्याचदा तीन-तीन भाषा येतात आणि त्या बोलल्या की पेशंट मोकळा होतो, पण त्यांना भाषांतर करायला सांगा, पटवायला नाही. सांगायचं एवढंच: गाठ तर काढायचीच आहे, त्यातला तुकडा तपासणीला जाणारच आहे, आम्ही त्याची जादा माहिती लिहून ठेवणार, तुमचं नाव कुठं येणार नाही, नाही म्हणालात तरी ऑपरेशन ठरल्या दिवशीच होणार. हे शेवटचं वाक्य दोनदा सांगा. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "न्हाई म्हटलं तर नंबर मागं टाकशीला की ओ." भीती अगदी हीच असते आणि ती बोलून दाखवणारे फार थोडे.

आता मुख्य मुद्दा, ओटी.

गाठीचा रक्तपुरवठा तुटला की पेशी लगेच मरत नाहीत, त्या ऑक्सिजनशिवाय जगायची धडपड करतात, आतले एन्झाइम आपलीच प्रोटीन्स तोडायला लागतात, फॉस्फेटचे गट निघून जातात. रिसेप्टर म्हणजे प्रोटीनच. म्हणून इंटरनॅशनल गाइडलाइन सांगते की स्पेसिमेन बाहेर आल्यापासून फॉर्मलीनमध्ये जाईपर्यंत १ तासापेक्षा जास्त वेळ जाऊ नये, आणि मग फॉर्मलीनमध्ये कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास. या तासाला कोल्ड इस्कीमिया टाइम म्हणतात (इस्कीमिया म्हणजे रक्तपुरवठा तुटणं), पण मे महिन्यात ४३ डिग्रीला ओटीच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये त्यात कोल्ड काहीच नसतं.

प्रत्यक्षात काय होतं ते बघू. मास्टेक्टॉमी झाली, स्पेसिमेन किडनी ट्रेमध्ये किंवा ओल्या मॉपमध्ये ठेवलं, सगळे क्लोजरला लागले. मग कुणीतरी नातेवाइकांना दाखवायला बाहेर नेलं, तिथं नवरा, भाऊ, गावचे दोघंतिघं, प्रश्नोत्तरं. परत आलं. बरणी सापडेना, मग सलाइनची बाटली कापली, तोंड अरुंद म्हणून ब्रेस्ट दाबून कोंबला. फॉर्मलीन बोटभर. फॉर्म भरायला इंटर्न, तो ब्लड आणायला गेलेला. मग बरणी नातेवाइकाच्या हातात, लॅब कुठं आहे, काउंटर बंद झालाय, उद्या या. उद्या उघडून बघितलं तर बाहेरची चरबी टणक आणि मधली गाठ मऊ, वास मारणारी. तिच्यावर इआर निगेटिव्ह आला तर तो खरा निगेटिव्ह की सडलेला, हे जगातला कुठलाच पॅथॉलॉजिस्ट सांगू शकत नाही. आणि इआर पॉझिटिव्हला मिळणारी त्या बाईची पाच वर्षांची टॅमॉक्सिफेनची गोळी गेली.

तर असं करा. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रुंद तोंडाची झाकणाची बादली तयार ठेवा, स्पेसिमेनच्या कमीत कमी दहापट फॉर्मलीन बसेल एवढी. फॉर्मलीन १० टक्के न्यूट्रल बफर्ड पाहिजे, नुसतं पाणी घालून पातळ केलेलं नको, ते हळूहळू आम्लधर्मी होतं आणि रंग बिघडवतं. विकत मिळत नसेल तर लॅबमध्ये बनवता येतं: बाजारातलं फॉर्मलीन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम, झालं एक लिटर. बनवताना ग्लोव्हज घाला, खिडकी उघडी ठेवा, फॉर्मल्डिहाइड हे स्वतःच कॅन्सर करणारं म्हणून सिद्ध झालेलं रसायन आहे, मामांना उघड्या हातांनी ओतायला लावू नका.

नावाचं लेबल बादलीच्या अंगावर लावा, झाकणावर नाही, झाकणं बदलतात. मार्करची शाई फॉर्मलीननं पुसते, पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी आत टाका. आणि त्या लेबलवर दोन वेळा लिहायच्या जागा छापून घ्या: 'बाहेर काढलं' आणि 'फॉर्मलीनमध्ये टाकलं'. पहिली वेळ सर्क्युलेटिंग सिस्टरनं मोठ्यानं बोलून लिहायची, भिंतीवरच्या घड्याळाची, कुणाच्या मोबाइलची नाही, कारण दोन्ही वेळा एकाच घड्याळाच्या पाहिजेत. सिस्टर्सना हे का करायचं ते बसून समजावून सांगा, नुसता हुकूम सोडला की दोन दिवस होतं आणि बंद पडतं. मी बघितलंय, कारण कळलं की त्या आपल्यापेक्षा काटेकोर असतात, मग आपणच विसरलो तर आपल्याला हाक मारतात.

नातेवाइकांना स्पेसिमेन दाखवायचंच असेल तर जरूर दाखवा, तो त्यांचा हक्क आहे, पण फॉर्मलीनच्या बादलीत ठेवूनच.

दुसरी गोष्ट, फॉर्मलीन आत शिरायला वेळ लागतो, अंदाजे तासाला एक मिलिमीटर. अख्खा ब्रेस्ट बादलीत बुडवून १० तास झाले तरी मधली गाठ ओलीच राहते. म्हणून पॅथॉलॉजीच्या मॅडमशी आधीच बोलून ठरवा की स्पेसिमेन कोण कापणार. सगळ्यात चांगलं म्हणजे ताजंच लॅबमध्ये पोचवायचं आणि त्यांनी तासाच्या आत कापायचं. रात्री किंवा सुट्टीला ते शक्य नसेल तर त्यांच्या परवानगीनं आणि त्यांनी एकदा शिकवल्यावर तुम्ही: आधी मार्जिनला (कापलेल्या कडांना) शाई लावा, धागे बांधून दिशा दाखवा, मग मागच्या बाजूनं, म्हणजे पेक्टोरल फेशियाच्या (छातीच्या स्नायूवरच्या पडद्याच्या) बाजूनं, साधारण ५ मिलिमीटरवर समांतर काप घ्या, समोरची कातडी आणि निपल अखंड ठेवून, वहीची पानं उघडावीत तसं, आणि प्रत्येक फटीत गॉजची पट्टी सरकवा म्हणजे द्रव आत फिरतो. परवानगीशिवाय कापू नका, मार्जिनचा रिपोर्ट कायमचा बिघडतो आणि मग भांडणं होतात.

७२ तासांचा हिशोबही करा. शनिवारी दुपारी दोनला फॉर्मलीनमध्ये टाकलं आणि सोमवारी सुट्टी असेल तर मंगळवारी दुपारी दोनला ७२ तास भरतात, त्याच्या आत ग्रॉसिंग (स्पेसिमेन बघून तुकडे घेणं) होऊन प्रोसेसिंगला लागलंच पाहिजे. आषाढीच्या आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत स्टाफ कमी असतो, तेव्हा इलेक्टिव्ह ब्रेस्ट शुक्रवारी-शनिवारी न लावलेलं बरं. उलटी चूकही होते, ट्रू-कटचे बारीक तुकडे दुपारी बाराला घेतले आणि पाचला मशीनला लावले, पाचच तास झाले. तुकडा बारीक असला तरी ६ तास पाहिजेतच, कारण आत शिरणं वेगळं आणि प्रोटीन पक्कं बांधलं जाणं वेगळं.

ट्रू-कटचं आणखी एक. आपल्याकडं बायका उशिरा येतात, गाठ मोठी असते, बऱ्याच जणींना आधी किमो जाते. किमोनं गाठ विरघळली तर ऑपरेशनच्या वेळी तपासायला काही उरणारच नाही. म्हणून किमोच्या आधीच १४ गेजच्या सुईनं तीन-चार तरी चांगले कोअर घ्या आणि त्याच्यावरच तिन्ही रिसेप्टर मागवा. नुसत्या एफएनएसीवर (बारीक सुईनं ओढलेल्या सुट्या पेशींवर) किमो सुरू करून टाकू नका.

लॅबचा भाग पॅथॉलॉजी करेल, पण तुम्ही एकदा पूर्ण दिवस तिथं उभं राहून बघाच. ४ मायक्रॉनचे काप चार्ज्ड स्लाइडवर घेतात, साध्या स्लाइडवर घेतले तर गरम करताना सुटून जातात. फॉर्मलीननं प्रोटीन एकमेकांना बांधलेली असतात त्यामुळं अँटीबॉडीला जागा सापडत नाही, म्हणून आधी बफरमध्ये उकळून जागा मोकळी करायची, मग अँटीबॉडी, मग तपकिरी रंग. कापून ठेवलेल्या स्लाइड ६ आठवड्यांपेक्षा जुन्या झाल्या तर वापरू नका, ब्लॉक (पॅराफिनमध्ये बसवलेला तुकडा) मात्र टिकतो. स्लाइड पुण्या-मुंबईला पाठवायच्या असतील तर ब्लॉक पाठवा, आणि उन्हाळ्यात कुरिअरवाल्याच्या गाडीत पॅराफिन वितळणार नाही असं पॅकिंग करा, ब्लॉकचा नंबर आणि कोणाच्या हातात दिला ते लिहून ठेवा. प्रत्येक बॅचला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल (रंगणार की नाही हे आधीच माहीत असलेला तुकडा) लागला का हे रिपोर्टवर नसेल तर विचारा. आणि सगळ्यात भरवशाचा कंट्रोल त्याच स्लाइडवर असतो: कॅन्सरच्या शेजारच्या साध्या डक्टमधल्या काही पेशी इआरला रंगायलाच पाहिजेत. त्याही कोऱ्या असतील तर तो निगेटिव्ह मानू नका, दुसऱ्या ब्लॉकवर परत करायला सांगा.

स्कोअरिंग. इआर पीआर १ टक्का पेशींत रंग असला तरी पॉझिटिव्ह, १ ते १० टक्के असेल तर २०२० पासून लो पॉझिटिव्ह असं वेगळं लिहितात. ऑलरेड स्कोअर वापरत असाल तर किती पेशी याचे ५ पर्यंत आणि किती गडद याचे ३ पर्यंत, बेरीज ८ पर्यंत. हर-टूला शून्य, एक, दोन, तीन: १० टक्क्यांहून जास्त पेशींचा पडदा चहूबाजूंनी गडद रंगला तर तीन म्हणजे पॉझिटिव्ह, दोन आला तर फिश टेस्ट (हर-टूच्या जीनच्या कॉपी मोजणारी) केल्याशिवाय पॉझिटिव्ह निगेटिव्ह काहीच लिहू नका. पूर्वी शून्य आणि एकमध्ये कुणी फरक करत नव्हतं, पण २०२२ नंतर कमी हर-टू असलेल्या पसरलेल्या आजारालाही औषध आलंय, तेव्हा चार्टमध्ये 'निगेटिव्ह' असं लिहून ढीग करू नका, मूळ आकडा लिहा. दोन पॅथॉलॉजिस्टनी एकमेकांचं न बघता वाचावं आणि तुम्ही कप्पा, म्हणजे दोघांचं किती जुळतं याचा आकडा, काढावा. नुसते टक्के का नाही ते बघा: १०० स्लाइडपैकी दोघांनीही डोळे झाकून ९० निगेटिव्ह, १० पॉझिटिव्ह लिहिल्या तरी नुसत्या नशिबानं ८२ जुळतात. कप्पा ते नशीब वजा करतो.

काही जणांना याच्याही आत जायचं असतं, रिसेप्टर आहे की नाही एवढंच नाही तर तो चालू आहे का हे बघायचं असतं. अशी मुलं बघून मला फार आनंद होतो, पण त्यांना आधीच सांगतो, चालू रिसेप्टरची खूण म्हणजे फॉस्फेट, आणि ओटीतल्या तुकड्यातनं ती काही मिनिटांत पुसली जाते. ते करायचं तर तुकडा लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६ डिग्रीला गोठवायला लागतो. लिक्विड नायट्रोजन सोलापुरात मिळत नाही असं समजू नका, गायीम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांकडं त्याचे कंटेनर असतात, तिथं चौकशी केली तर पुरवठादार कळतो. पण पुढं उणे ८० चा फ्रीझर आणि त्याला लाइट गेल्यावर बॅकअप लागतो, ते नसेल तर नाद करू नका.

त्यापेक्षा पेशींच्या कल्चरवर एखादा महिना काम करायची संधी शोधा. पुण्याला एनसीसीएस या पेशी संशोधन संस्थेत सेल लाइन्सचं (लॅबमध्ये पिढ्यान्पिढ्या वाढवलेल्या पेशींचं) भांडार आहे, संशोधन करणाऱ्या लॅबना तिथनं पेशी मिळतात. एमसीएफ-सेव्हन इआर पॉझिटिव्ह, एसके-बीआर-थ्री हर-टूवाली, एमडीए-एमबी-२३१ मध्ये तिन्ही नाहीत, या तीन लाइन्स शेजारी ठेवल्या की वॉर्डातल्या तीन प्रकारच्या पेशंट डोळ्यासमोर येतात. एक-दोन गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. मीडियमची आम्लता रंगावरून कळावी म्हणून जे फिनॉल रेड घालतात ते स्वतःच थोडंफार इस्ट्रोजेनसारखं वागतं, आणि सीरममध्ये तर हार्मोन असतातच, म्हणून इआरचा प्रयोग करताना फिनॉल रेड नसलेलं मीडियम आणि चारकोलनं धुतलेलं सीरम घ्यायचं, नाहीतर तुमचा कंट्रोलच चालू असतो. ईजीएफ (ईजीएफआर चालू करणारं प्रोटीन) देऊन सिग्नल बघायचा तर आदल्या रात्री सीरम काढून पेशी उपाशी ठेवा, मग ०, ५, १५, ३०, ६० मिनिटांना थांबवा. ईआरकेवरचा (रास–मॅपके वाटेवरच्या शेवटच्या प्रोटीनवरचा) फॉस्फेट पहिल्या पाच-दहा मिनिटांतच चढतो आणि उतरायला लागतो, एकच तासाचा पॉइंट घेतलात तर काहीच झालं नाही असं वाटेल. थांबवताना बर्फ आणि फॉस्फेटेज इनहिबिटर (फॉस्फेट काढणारे एन्झाइम अडवणारं) आधीच हाताशी ठेवा. आणि वेस्टर्न ब्लॉटला (अँटीबॉडीनं प्रोटीन ओळखायच्या तपासणीला) दुधाऐवजी बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं प्रोटीन आहे, बॅकग्राउंड वाढतं. मायकोप्लाझमाची (कल्चरमध्ये लपून वाढणाऱ्या जंतूची) टेस्ट केल्याशिवाय कुठल्याही रिझल्टवर विश्वास ठेवू नका.

डेटाशीट पहिल्याच दिवशी बनवा, एका पेशंटला एक ओळ, नावाऐवजी कोड, कोडची यादी वेगळी आणि गाइडच्या कपाटात. एका कॉलममध्ये 'हो', 'येस', 'प्लस' अशी मिसळ झाली की शेवटच्या महिन्यात रडायची वेळ येते. माहिती नसेल तर रिकामं सोडू नका, ९९ किंवा काहीतरी ठरवून टाका, म्हणजे नंतर कळतं की विचारलं नव्हतं की मिळालं नव्हतं. इस्कीमियाची मिनिटं हा एक कॉलम आणि फॉर्मलीनचे तास हा दुसरा, हे दोन कॉलम बाकी बहुतेक थिसिसमध्ये नसतात, तुमच्यात असू द्या. तासापेक्षा जास्त झालेल्या केसेस लपवू नका, वेगळ्या करून दाखवा, तोच कदाचित तुमचा सगळ्यात महत्त्वाचा टेबल ठरेल. टेबलच्या खान्यात अपेक्षित आकडा ५ पेक्षा कमी येत असेल तर काय-स्क्वेअर सोडा आणि फिशर एक्झॅक्ट लावा.

फॉलोअपसाठी पेशंटच्या नंबरवर विसंबू नका, फोन बहुतेक वेळा मुलाकडं असतो. दोन नातेवाइकांचे नंबर घ्या आणि गावच्या आशाताईंचा घ्या, तो सगळ्यात कामाचा. ऊसतोडीला जाणारं कुटुंब असेल तर ते दिवाळीनंतर गावात नसतात, तारीख त्यांना विचारून द्या.

आणि रिपोर्ट थिसिसच्या फाइलमध्ये अडकून राहू देऊ नका. आयएचसी, म्हणजे रिसेप्टरच्या रंगाचा रिपोर्ट, बऱ्याचदा टाके काढून पेशंट घरी गेल्यावर येतं, आणि ते कुणी कळवतच नाही. इआर पॉझिटिव्ह बाईला टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम रोज एक, पाच वर्षं, यानं पुढच्या १५ वर्षांत या आजारानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात, आणि ती गोळी स्वस्त आहे. म्हणून डेटाशीटमध्ये शेवटचे तीन कॉलम असे ठेवा: रिपोर्ट आल्याची तारीख, पेशंटला किंवा घरच्यांना कळवल्याची तारीख, गोळी किंवा पुढची ट्रीटमेंट सुरू झाल्याची तारीख. दर शनिवारी ते कॉलम उघडायचे आणि ज्या ओळीत तारीख नाही तिथं फोन लावायचा.